गाळाच्या काठचे धुके

निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी, नांदूर-मध्यमेश्वर येथे १९०७ साली बंधाऱ्याचे काम हाती घेतले गेले, तेव्हा ते घेणाऱ्यांच्या ध्यानीमनीही पक्षी नव्हते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने दख्खनच्या मुलखाची जी दैना केली, तिच्या पाठोपाठ नेमलेल्या पाटबंधारे आयोगाने कालव्यांचा पुरस्कार केला, आणि त्याच धोरणाच्या ओघात वरच्या अंगाचे पाणी येथे अडवून दोन्ही तीरांच्या पाटांनी कोपरगावकडील तहानलेल्या जमिनीस पोहोचविण्याची योजना आकारास आली. नद्यांनी मात्र दर पावसाळ्यात पाण्याबरोबर गाळही आणून टाकला. अभियंत्याच्या जमाखर्चात हा गाळ म्हणजे निव्वळ तूट. पण त्याच तुटीतून बेटे उठली, पाणवनस्पती माजल्या, आणि सुमारे ५५० मीटर उंचीच्या या पठारावर हिमालयापलीकडून येणाऱ्या बदकांना चरण्याजोगे उथळ पाणी मिळाले. धरण खोलच राहिले असते, तर आज तेथे पाहण्यासारखे फारसे काही उरले नसते, असे मला निश्चित वाटते.

पाहण्याची परंपरा बंधाऱ्याहून जुनी आहे. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत हिंडलेल्या साइक्स या लष्करी अंमलदाराने येथील पक्ष्यांची यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली. पुढे १८७८ मध्ये डेव्हिडसन आणि वेंडन, म्हणजे एक मुलकी अधिकारी व दुसरा रेल्वेचा अभियंता, यांनी तीत मोलाची भर घातली. मात्र त्या काळचे पक्षिज्ञान बंदुकीच्या नळीतून येत असे. पक्षी आधी खाली पडे, मग त्याचे नाव ठरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती नळी थंडावली, १९८६ साली येथे अभयारण्य झाले, आणि २०२० मध्ये रामसर यादीत स्थान मिळविणारी ही महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा ठरली. बंदुकीच्या जागी दुर्बीण आली, तरी भिस्त डोळ्यांवरच राहिली. आणि पौषातले धुके नेमके डोळ्यांनाच जुमानीत नाही.

निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. आकाश निरभ्र असले की रात्री जमीन झपाट्याने निवते, जलाशयावरची दमट हवा तिच्यावर गोठल्यासारखी बसते, आणि पहाटे काठावर उभ्या असलेल्या माणसाला स्वतःच्या हातातली काठीही जेमतेम दिसते. अशा वेळी पक्षी ओळखावयाचे ते कानांनी. पाण्यावर थपथप पावले आपटीत पळतो तो वारकरी. डोक्यावरून नुसत्या पंखांचा सरसराट जातो तो बदकांच्या थव्याचा, आणि त्यात तलवार बदके किती व थापट्या किती, याविषयी जाणत्यांचेही एकमत होत नाही. चक्रवाकाविषयी मात्र शंका राहत नाही. रात्रीच्या विरहाचा जो संकेत संस्कृत कवींनी त्याच्या माथी मारला, तो पक्षिशास्त्रास मान्य नाही. परंतु धुक्याच्या एका बाजूने त्याचा सानुनासिक, घंटेसारखा घुमणारा साद उठावा आणि दुसऱ्या बाजूने त्याला उत्तर यावे, हे एकदा ऐकले म्हणजे कवींना खोटे ठरविण्याची घाई करवत नाही.

काठापलीकडच्या द्राक्षबागेत हेच धुके शत्रू असते. पाने ओली राहिली की डावणी रोग बळावतो, गारठा वाढला की मणी तडकतात. म्हणून बागायतदार रात्रभर ओळींमधून शेकोट्या पेटत्या ठेवतात. त्यांचा धूर खाली उतरून धुक्यात मिसळतो, आणि त्या जाड पांढुरक्या पडद्यातून प्रथम दिसतात ती पाण्यात गेलेल्या बाभळींची काळी टोके. मग त्यांच्यावर पंख पसरून वाळवीत बसलेले पाणकावळे. आणि सर्वांत शेवटी, ऊन बऱ्यापैकी वर आल्यावर, गाळाच्या बेटावर मघापासून निश्चिंत झोपलेली बदके.