प्राध्यापक देवधरांचा संघ

पेण तालुक्यांतील जिते, हमरापूर यांसारख्या गांवीं भाताची कापणी उरकली, कीं मोकळ्या जागेंत हुतुतूचें मैदान आंखावयाचें, ही कोंकणपट्टीची जुनी चाल. आतां त्या खेळास सर्वत्र कबड्डी म्हणतात, एवढाच फरक. तेथें मैदानांत उतरणारे सात गडी एका गांवचे, पुष्कळदां एका आळीचे असतात. आपण सारे एक आहोंत, हें त्यांस कोणीं शिकवावें लागत नाहीं. परंतु गांवोगांवचे, जातींचे, धर्मांचे आणि वयांचे अकरा जण गोळा करून त्यांच्या मनांत एका अजिंक्यपदाची ईर्षा जागी करणें, हें काम निराळें आहे. महाराष्ट्रांत तें काम एकदां एका संस्कृतच्या प्राध्यापकानें करून दाखविलें.

रणजी करंडकाचे सामने १९३४-३५ सालीं सुरू झाले. पहिलीं दोन वर्षें करंडक मुंबईनें जिंकला, आणि त्याचें कोणास आश्चर्य वाटलें नाहीं. मुंबईस मैदानें होतीं, जिमखाने होते, धनिकांचा आश्रय होता. नवानगर, बडोदें येथें खेळाचे शौकीन राजे होते. पुण्यास ठाणें असलेल्या दुसऱ्या एका संघानें मात्र 'महाराष्ट्र' हें नांव धारण केलें होतें. महाराष्ट्र नांवाचें राज्य १ मे १९६० रोजीं अस्तित्वांत आलें. म्हणजे नकाशावर उमटण्याच्या पाव शतक आधीं हें नांव धांवफलकावर लागत होतें! त्या नांवास त्या काळीं ना सरकारचा आधार होता, ना सीमारेषेचा. खेळणाऱ्यांनीं तें मनांत धरलें, तेवढेंच त्याचें अस्तित्व.

या संघाचे कप्तान दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म पुण्याचा, १४ जानेवारी १८९२ चा. परशुरामभाऊ महाविद्यालयांत ते संस्कृत शिकवीत. १९२६ सालीं गिलिगन यांच्या इंग्रज संघाविरुद्ध मुंबईस त्यांनीं १४८ धांवा काढल्या, तेव्हां त्यांचें वय चौतीस होतें. पुढें १९३२ सालीं हिंदुस्थानचा संघ लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना खेळला. त्या संघांत देवधर नव्हते. १९३६ च्या इंग्लंडच्या दौऱ्यावरहि ते गेले नाहींत. कसोटी सामना त्यांच्या वांट्यास कधींच आला नाहीं. ज्याची स्वतःची मोठी संधि अशी निसटली, तो मनुष्य एक तर खेळास रामराम ठोकतो, नाहीं तर उरलेलें सारें बळ दुसऱ्यांस उभें करण्यांत खर्चितो. देवधर दुसऱ्या जातीचे निघाले.

अडचण मोठी होती ती निष्ठेची. त्या दिवसांत क्रिकेटची खरी गर्दी लोटे ती मुंबईच्या पंचरंगी सामन्यांस. हिंदु, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 'शेष' अशा पांच संघांत तेथें खेळाडूंची वांटणी धर्मावरून होई. देवधर हिंदूंकडून खेळत. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते 'शेष' संघांत. पुण्यास मात्र हेच दोघे एका संघांत, एका नांवाखालीं. गांधीजींनीं डिसेंबर १९४० मध्यें या धर्मवार सामन्यांविषयीं आपली नापसंती प्रकट केली, आणि १९४६ नंतर ते बंदच झाले. पण वाद पेटण्याआधींच महाराष्ट्राचा संघ, कसलाहि गाजावाजा न करितां, त्याचें उत्तर मैदानावर देत होता.

१९३९-४० चा हंगाम पाहा. पुण्यास बडोद्याविरुद्ध सामना चालू होता. हजारे एका टोंकास उभे होते. दुसऱ्या बाजूचे आठ गडी परतले होते. मग नरिमन नागरवाला आले. पारशी गृहस्थ, आणि नवव्या क्रमांकाच्या जोडीकडून जगांत कोणी फारशी अपेक्षा ठेवीत नाहीं. या दोघांनीं २४५ धांवांची भर घातली. नागरवाला ९८ वर बाद झाले. शतकास दोन धांवा कमी पडल्याची हळहळ त्यांस वाटली असेल, परंतु त्यांच्या चिकाटीवांचून हजाऱ्यांचा डाव तेथेंच संपला असता. हजारे नाबाद ३१६ ! रणजी सामन्यांतलें तें पहिलें त्रिशतक. लोकांच्या लक्षांत आंकडा राहतो तो ३१६ चा. संघ कशास म्हणतात तें मात्र ९८ च्या आंकड्यांत दिसतें. त्याच हंगामांत पुण्यास अंतिम सामन्यांत संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव झाला आणि करंडक महाराष्ट्राकडे आला.

एकदां जिंकलेलें पुन्हां जिंकणें अधिक कठीण. कारण पहिल्या वेळीं भूक असते, दुसऱ्या वेळीं पोट भरलेलें असतें. १९४०-४१ सालीं संघांत रंगा सोहोनी बावीस वर्षांचे, चंदू सरवटे विशीचे, आणि कप्तान अठ्ठेचाळिशीचा. कप्तानाच्या भाषणानें चढलेला उत्साह पहिल्या दोन गड्यांबरोबरच तंबूंत परततो, हा सर्वत्रांचा अनुभव आहे. देवधरांचा उपाय दुसराच होता. मुंबईविरुद्ध पुण्याच्या सामन्यांत ते स्वतः तळ ठोकून उभे राहिले आणि २४६ धांवा काढूनच परतले. महाराष्ट्राच्या ६७५ झाल्या. मुंबईनेंहि हार न मानतां ६५० पर्यंत मजल मारली. सामना पुरा न झाल्यास पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल लागे. ती आघाडी अवघ्या २५ धांवांची! ज्या कप्तानाच्या निम्म्याहि वयाचे आपण नाहीं, तो उन्हांत तासचे तास उभा आहे, हें पाहिल्यावर तरुणांस क्षेत्ररक्षणांत वांकण्याचा आळस करण्याची सोय उरली नसावी. पुढें उत्तर हिंदुस्थानाविरुद्ध ७९८ धांवांचा डोंगर रचून संघ मद्रासेस गेला, आणि परक्या मैदानावर मद्रासचा सहा गडी राखून पराभव करून करंडक परत घेऊन आला.

मग संघ विसकटला. हजारे बडोद्यास गेले, आणि १९४२-४३ सालीं करंडकहि बडोद्यासच गेला. देवधर मात्र खेळतच राहिले; १९४४-४५ मध्यें बावन्नाव्या वर्षीं नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनीं शतकें काढलीं. १९७३ पासून त्यांच्या नांवाचा करंडकहि खेळला जाऊं लागला. महाराष्ट्राच्या संघास मात्र रणजी अजिंक्यपद त्यानंतर मिळालें नाहीं. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असा तीनदां तो अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. अनुक्रमें मुंबई, पंजाब आणि कर्नाटक यांनीं त्यास हरविलें. यांतला दुसरा सामना झाला तेव्हां वयाची शंभरी ओलांडलेले देवधर पुण्यास हयात होते. त्याच वर्षीं, २४ ऑगस्ट १९९३ रोजीं, त्यांचें निधन झालें.