नागपूरचे राजभवन : मालक कोण?



नागपूर म्हटले की आपल्याला दीक्षाभूमी आठवते. याच शहरात, सदर भागात, झाडीच्या आड राजभवन उभे आहे. ते बड्या लोकांचे घर, आपला काय संबंध, असे आपले अनेक तरुण म्हणतात. आम्हाला हा समज घातक वाटतो.

1853 साली तिसरे रघूजी भोसले वारसाविना वारले. पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. 1891 मध्ये या प्रांताच्या चीफ कमिशनरसाठी हा बंगला बांधला गेला. 1920 मध्ये चीफ कमिशनर गेला, गव्हर्नर आला. हुद्दा बदलला, पण दोघांचीही नेमणूक इंग्रज सरकारची. ते रयतेला उत्तर देण्यास बांधील नव्हते. इतिहासात या साहेबांची नावे आहेत. विटा वाहणाऱ्यांची नावे कुणी लिहून ठेवली?

26 जानेवारी 1950 ला संविधान लागू झाले. भिंती त्याच राहिल्या, पण आतल्या माणसाचे स्थान बदलले. राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे, ही चौकट ठरली. बाबासाहेबांनी 1949 मध्ये संविधान सभेत भूमिका मांडली होती की राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने चालवायचा कारभार नाही, मात्र त्याला कर्तव्ये आहेत. साहेबाच्या बंगल्याला त्यांनी कर्तव्याच्या दोरीने बांधले.

आता 1956 पाहा. 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तेव्हा नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि राज्यपाल इथेच राहत. 1 नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरची राजधानी गेली. तीन आठवड्यांच्या आत सत्तेचे घर ओस पडले आणि आपली भूमी जगाच्या नकाशावर आली. राजभवनाला जाग येते ती प्रामुख्याने हिवाळी अधिवेशनात.

पण विदर्भाचा हक्क संपला नाही. त्याच 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम 371(2) आले. विदर्भ आणि मराठवाड्यासाठी विकास मंडळे, निधीचे न्याय्य वाटप, तांत्रिक शिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण आणि सरकारी नोकरीत पुरेशी संधी यांची विशेष जबाबदारी राज्यपालावर सोपवता येते. मंडळे यायला 1994 उजाडले. 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली आणि ती वेळेवर वाढवली गेली नाही. तेव्हा आपल्यातले किती जण रस्त्यावर आले?

मंडळ असले की सगळे मिळते, असे आम्ही म्हणत नाही. मंडळे असतानाही अनुशेष राहिलाच. पण मंडळाने दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल विधानसभेपुढे ठेवावा, अशी तरतूद त्याच कलमात आहे. मंडळच नसेल तर हिशेब मागायचा कुणाकडे? याची झळ आयटीआयच्या जागेसाठी आणि नोकरभरतीसाठी ताटकळणाऱ्या आपल्याच पोरांना आधी बसते.

म्हणून राजभवनाकडे दुरून पाहू नका. कलम 371(2) वाचा, आपल्या जिल्ह्याची मागणी लेखी तयार करा आणि निवेदन घेऊन त्या फाटकाशी जा. 1891 मध्ये तिथे रयत अर्जदार म्हणून उभी राहत होती. आपण नागरिक म्हणून उभे राहू.

जय भीम! जय संविधान!