अँटी-रोल बार

अँटी-रोल बार किंवा स्टॅबिलायझर बार हा वळणावर मोटारीचा कल कमी करणारा, सस्पेन्शनमधील पोलादी दांडा होय. इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराचा हा दांडा एकाच आसावरील डाव्या व उजव्या चाकांचे सस्पेन्शन परस्परांस जोडतो. कॅनडातील स्टीफन कोलमन यांना १९१९ साली याचे पेटंट मिळाले.

कार्य

दोन्ही चाके एकाच वेळी सारखीच वर-खाली झाल्यास दांडा आपल्या आधारांमध्ये नुसता फिरतो. वळणावर मात्र बाहेरील स्प्रिंग दबते व आतील सैल होते. तेव्हा दांड्याला पीळ बसतो आणि त्या पिळाला दांडा करीत असलेला विरोध गाडीचा कल रोखतो.

जाडीतील बदल

भरीव दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे २० मिमीऐवजी २२ मिमी व्यासाचा तसाच दांडा बसवल्यास ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. पुढील दांडा अधिक ताठ केल्यास वळणावर पुढची चाके आधी घसरण्याची प्रवृत्ती वाढते. मागील केल्यास मागची. दुसऱ्या प्रकारात ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरण्याचा धोका असतो. शिवाय दांडा ताठ असल्यास एका चाकाला बसलेला खड्ड्याचा हादरा दुसऱ्या चाकापर्यंत अधिक पोहोचतो. म्हणून खराब रस्त्यांवर जाड दांडा सोयीचा ठरतोच असे नाही.