चोवीस आठवडे की अठ्ठेचाळीस? पेगइंटरफेरॉनच्या उपचारकाळाचा इतिहास

इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी लावला, हे तुम्ही विषाणुशास्त्राच्या पाठात वाचले असेलच. या टिपणात आपण पाठ्यपुस्तकांत सहसा एका ओळीत उरकला जाणारा प्रश्न पाहू. हे औषध किती आठवडे टोचायचे, हे कसे ठरत गेले?

साधे इंटरफेरॉन शरीरातून काही तासांत निघून जाते. म्हणून हेपटायटिस सी च्या रुग्णाला ते आठवड्यातून ३ वेळा टोचत. १९९१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली तेव्हा उपचार सुमारे ६ महिन्यांचा असे. औषध चालू असेपर्यंत विकरांचे आकडे उतरत, थांबवले की अनेकांत विषाणू पुन्हा डोके वर काढी. मग काळ वर्षापर्यंत वाढवला गेला आणि १९९८ पासून जोडीला रिबाविरिन आले. पुढे इंटरफेरॉनच्या रेणूला पॉलिथिलीन ग्लायकॉलची साखळी जोडली गेली. हेच पेगइंटरफेरॉन, आठवड्याला एक टोचणी पुरे.

टोचण्या कमी झाल्या तरी आठवडे किती, हा प्रश्न उरलाच. हाजियानिस आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या चाचणीने त्याचे उत्तर विषाणूच्या जनुकप्रकारात शोधले: प्रकार १ ला ४८ आठवडे, २ आणि ३ ला २४. मग २४ चे १६ करून पाहिले, तेव्हा २००७ च्या मोठ्या चाचणीत आजार उलटण्याचे प्रमाण वाढले. १२ व्या आठवड्यापर्यंत विषाणूंची संख्या किमान शंभरपट घटली नाही, तर पुढे टोचण्यात अर्थ नाही, असाही नियम रूढ झाला. तो दयाळू नियम होता, असे मला वाटते; कारण ताप, नैराश्य, घटलेल्या रक्तपेशी हे सगळे रुग्णाला दर आठवड्याला सोसावे लागे.

भारतात प्रकार ३ सर्वाधिक आढळतो, म्हणजे बहुतेकांना २४ आठवडे. तुम्ही भिलाई-दुर्गकडचे किंवा विदर्भातले असाल, तर वारंवार रक्त घ्यावे लागणारे सिकलसेलचे रुग्ण तुमच्या परिचयाचे असतील. आपल्याकडे दात्याच्या रक्ताची हेपटायटिस सी साठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. त्याआधी रक्त घेतलेल्यांना हा धोका होता. एचआयव्हीही असेल, तर मात्र कोणत्याही प्रकाराला ४८ आठवडेच सुचवले जात.

इथे पैशाचा हिशेब येतो. रोश कंपनीच्या पेगासिसला २००६ मध्ये भारतात पेटंट मिळाले. २००५ च्या नव्या कायद्यानंतरच्या पहिल्या उत्पादन-पेटंटांपैकी ते एक. २४ आठवड्यांच्या टोचण्यांचा खर्च सुमारे ४,३६,००० रुपये होता. ४८ आठवड्यांना दुप्पट, रिबाविरिन वेगळे. मुंबईत अमली पदार्थांची इंजेक्शने घेणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने या पेटंटला हरकत घेतली. सुयांमधून एचआयव्ही आणि हेपटायटिस सी दोन्ही होण्याचा धोका याच लोकांना, म्हणजे ४८ आठवड्यांची पाळीही त्यांच्यावरच. वोक्हार्ट कंपनीनेही हरकत घेतली होती. २००९ मध्ये पेटंट कार्यालयाने पेटंट कायम ठेवले.

संकल्पने चेन्नईच्या बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे दाद मागितली. पेटंट दिल्यानंतर हरकत घ्यायची तर ‘हितसंबंधित व्यक्ती’ असावे लागते. औषध न बनवणारी संस्था हितसंबंधित कशी? मंडळाने संस्थेचा हक्क मानला आणि प्रथिनाला अशी साखळी जोडणे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सुचण्याजोगे होते, असे ठरवून २ नोव्हेंबर २०१२ रोजी पेटंट रद्द केले. निकालाचा पहिला भाग मला दुसऱ्याइतकाच मोलाचा वाटतो.

पुढच्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुविर मंजूर झाले आणि लवकरच हेपटायटिस सी चा उपचार बहुतेकांसाठी १२ आठवड्यांच्या गोळ्यांवर आला. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या गोळ्या मोफत मिळू लागल्या. हेपटायटिस बी च्या निवडक रुग्णांना मात्र पेगइंटरफेरॉन आजही देतात, ४८ आठवडे.