शर्यतीच्या घोड्यांची निगा आणि निवृत्ती

शर्यतीसाठी पैदास केलेल्या घोड्याची तालीम, तबेला, शर्यत, दुखापत, औषधोपचार, प्रवास आणि शर्यती थांबल्यानंतरचे आयुष्य यांचा विचार या विषयात येतो. भारतातील टर्फ क्लबांच्या शर्यतींत थरोब्रेड जातीचे घोडे धावतात. चांगली देखभाल मिळाली तर असा घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगतो. शर्यतीत मात्र तो साधारणपणे सहा-सात वर्षांचा होईपर्यंतच टिकतो. कित्येक घोडे त्याआधीच बाजूला होतात. धावण्याच्या काळातील त्याची प्रत्येक शर्यत, वजन, जॉकी आणि क्रमांक क्लबच्या दप्तरी तारखेवार लिहिलेला असतो. पुढच्या पंधरा-वीस वर्षांची अशी सलग नोंद भारतात सहसा आढळत नाही. या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न या तफावतीतून निर्माण होतात.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून भायखळ्याला शर्यती होत. महालक्ष्मीचे मैदान १८८३ मध्ये तयार झाले. पुण्याच्या लष्कर भागातील मैदानाची परंपरा १८३० पासूनची आहे. ही दोन्ही मैदाने चालवणारा वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब १९२५ मध्ये स्थापन झाला व १९३५ मध्ये त्याच्या नावाला ‘रॉयल’ हे पद जोडले गेले. मुंबईचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा पावसाळ्यात असतो. त्यामुळे घोडे, सईस आणि ट्रेनर यांचा मुक्काम दरवर्षी घाटाच्या वर-खाली हलतो. २,४०० मीटरची इंडियन डर्बी १९४३ मध्ये सुरू झाली. ती जिंकणारी पहिली घोडी प्रिन्सेस ब्यूटिफुल ही बडोद्याच्या महाराजांची होती. याच महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या ‘सयाजीराव’ या घोड्याने १९४७ मध्ये इंग्लंडची सेंट लेजर शर्यत जिंकली आणि पुढे पैदाशीचा घोडा म्हणून आयुष्य काढले. पुणे परिसरात थरोब्रेडची पैदास करणारे स्टड फार्म आहेत. भारतात जन्मलेल्या थरोब्रेड शिंगरांची वंशनोंद ठेवणाऱ्या स्टड बुकचे कार्यालयही पुण्यातच आहे. तेथे डीएनए चाचणीने आई-बाप पडताळले जातात आणि मायक्रोचिपने शिंगराची ओळख कायम केली जाते.

तबेला व दिनक्रम : घोड्याची तालीम पहाटे उजाडण्याच्या सुमारास होते. चालवणे, दुडकी, मग ठरलेल्या अंतराची दौड आणि पुन्हा चालवून अंग थंड करणे, हा तिचा क्रम. त्यानंतर खरारा, पाय धुणे, मालिश, चंदी आणि वैरण. ही सारी कामे सईसाच्या हाताने होतात. घोड्याने चंदी टाकली, एका पायावरचा भार कमी केला किंवा नळीला हात लावताच पाय झटकला, तर ते सर्वांआधी त्याच्याच लक्षात येते. म्हणून सईसाचा पगार, निवारा आणि प्रशिक्षण हा घोड्याच्या निगेचाच भाग समजला पाहिजे.

तालमीखेरीज दिवसाचे वीसहून अधिक तास घोडा खणात उभा असतो. मोकळ्या रानात घोडा दिवसाचे चौदा ते अठरा तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरते आणि चघळलेल्या वैरणीबरोबर येणारी लाळ त्याची तीव्रता कमी करते. ओट, जव अशा धान्याची चंदी मोठी, वैरण तोकडी आणि दोन खाण्यांमधले अंतर लांब झाले की जठराला व्रण पडतात. तालमीतल्या बहुसंख्य घोड्यांत असे व्रण सापडत असल्याचे निरनिराळ्या देशांतील तपासण्यांतून दिसले आहे. दाराची कड दातांत धरून हवा गिळणे किंवा जागच्या जागी डोलत राहणे या सवयी कोंडलेपणाशी निगडित आहेत. वैरण दिवसभर थोडी थोडी मिळणे, शेजारचा घोडा दिसणे आणि रोज काही वेळ मोकळे सोडणे हे त्यावरचे साधे उपाय आहेत. मुंबईसारख्या शहरात यांपैकी शेवटच्या उपायाला जागेची अडचण येते. महालक्ष्मीच्या सुमारे २११ एकर जागेपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबकडे, अशी विभागणी २०२४ मध्ये ठरली. तबेल्यांची जागा व त्यांच्या सुधारणेचा खर्च हे तेव्हाच्या वादातले मुद्दे होते.

दमट हवेत काही घोड्यांना घाम येणेच बंद होते. घोडा शरीरातील उष्णता मुख्यतः घामावाटे टाकत असल्याने अशा घोड्याचे तापमान दौडीनंतर धोकादायक पातळीवर जाते. किनारपट्टीवर पहाटेच तालीम घेणे, दौडीनंतर अंगावर भरपूर गार पाणी ओतणे, क्षार देणे आणि तरीही फरक न पडल्यास कोरड्या हवेत हलवणे हे उपाय केले जातात.

वय, हाडे व दुखापती : थरोब्रेडची तालीम दोन वर्षांच्या वयातच सुरू होते. गुडघ्यालगतच्या हाडांची वाढ सुमारे अडीच वर्षांपर्यंत चालू असते आणि पाठीचा कणा त्याहूनही उशिरा पक्का होतो. लहान वयातील बेताच्या धावण्याने हाड बळकट होते. विश्रांतीविना वाढवलेल्या वेगाने त्यात बारीक चिरा पडतात. नळीच्या पुढच्या बाजूची सूज व दुखरेपणा ही तरुण घोड्यांची नेहमीची तक्रार आहे. पुढच्या पायाच्या मागील बाजूचा स्नायुबंध फाटला तर तो भरून यायला अनेक महिने लागतात आणि पुन्हा फाटण्याचा धोका राहतो. शर्यतीत कोसळणाऱ्या घोड्यांच्या अस्थिभंगांत जुन्या, न कळलेल्या चिरांचा वाटा मोठा असतो. म्हणून शर्यतीपूर्वीची पशुवैद्यकीय तपासणी महत्त्वाची ठरते. सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोचा घोडा तीन पायांवर फार काळ उभा राहू शकत नाही. त्यामुळे न जुळणाऱ्या अस्थिभंगात त्याला वेदनारहित मरण देणे हाच मार्ग उरतो. जोराच्या दौडीत फुप्फुसातील केशवाहिन्या फुटून रक्तस्राव होणे हाही शर्यतीच्या घोड्यांचा जुना विकार आहे. नाकातून रक्त आल्यास घोड्याला ठरावीक काळ शर्यतीबाहेर ठेवतात.

औषधे व चाबूक : वेदनाशामकामुळे लंगडणारा घोडा ठणठणीत दिसतो आणि दुखावलेल्या पायावर पूर्ण भार देतो. त्यामुळे उत्तेजकांइतकीच वेदनाशामकांवरही शर्यतीच्या दिवशी बंदी असते आणि मूत्र व रक्ताचे नमुने तपासले जातात. या नियमामागे पैज लावणाऱ्याचे हित जसे आहे तसे घोड्याचेही. चाबकाबाबत मतभेद आहेत. घोडा वळवण्यासाठी व सुरक्षिततेसाठी तो लागतो, असे जॉकी मानतात. थकलेल्या घोड्याला मारण्याचे समर्थन होऊ शकत नाही, असे प्राणिमित्र संघटनांचे म्हणणे आहे. भारतासह अनेक देशांत गादी लावलेला चाबूक वापरात आला. ब्रिटनने २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा घातली आहे.

संसर्गजन्य रोग : ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणुजन्य रोग माणसालाही होतो. त्यावर लस नाही आणि बाधित घोडा मारावा लागतो. २००६ मध्ये पुणे व पाचगणी येथील घोड्यांत तो पुन्हा आढळला. घोड्यांचा इन्फ्लुएन्झा २००८–०९ मध्ये देशभर पसरला आणि अनेक केंद्रांवरील शर्यतींचे वेळापत्रक कोलमडले. अशा रोगांचे निदान हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. मुंबईत परळ येथील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय (१८८३) आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय (१८८६) या प्राण्यांवरील उपचाराच्या जुन्या संस्था आहेत.

कायदा : प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा शर्यतीच्या घोड्यांनाही लागू आहे. अतिश्रम, मारहाण, उपासमार आणि उपाशी-तहानलेल्या स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणे हे त्यानुसार गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्यासाठीचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे. १९७८ च्या वाहतूक नियमांत घोड्यांच्या प्रवासाच्या अटी आहेत. खेळ व प्रदर्शनासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांची नोंदणी २००१ च्या नियमांनी बंधनकारक केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. तो प्रश्न जुगाराचा होता, घोड्याच्या स्थितीचा नव्हता. २०१४ च्या जल्लीकट्टू व बैलगाडा शर्यतींच्या निकालात न्यायालयाने प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला : भूक व तहान, अस्वस्थता, वेदना व रोग आणि भीती यांपासून मुक्ती, तसेच नैसर्गिक वर्तनाची मुभा. घोड्यांच्या निगेचे मोजमाप करतानाही हीच चौकट वापरतात.

निवृत्तीनंतरच्या वाटा : उत्तम वंश आणि मोठे विजय असलेले मोजके घोडे व त्याहून जास्त घोड्या पैदाशीसाठी जातात. खच्ची केलेल्या घोड्यांना ही वाट नसते. शांत स्वभावाचे, पायाने धड घोडे स्वारी शिकवणाऱ्या संस्थांत रुळतात. महालक्ष्मीच्या मैदानावरील अमॅच्युअर रायडर्स क्लब (१९४२) ही त्यांतील जुनी संस्था. भोपाळजवळ बिशनखेडी येथील मध्य प्रदेश शासनाच्या अकादमीसारख्या संस्थांमुळे घोडेस्वारीचा खेळ महानगरांबाहेरही पोहोचला आहे. मात्र धावण्याखेरीज दुसरे काही न शिकलेल्या घोड्याला नव्या कामासाठी अनेक महिने पुन्हा घडवावे लागते. वेगाने सुटण्याची सवय मोडणे, चंदी कमी करणे, मोकळ्या रानात इतर घोड्यांसोबत राहू देणे आणि जुन्या दुखापती भरू देणे, हे त्याचे टप्पे आहेत.

उरलेले घोडे हातोहात फिरतात. काही थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांच्या सवारीला, काही लग्नाच्या वरातीला लागतात. कातडी पातळ, पाय नाजूक आणि खाणे जास्त असल्याने थरोब्रेड अशा कामात गावठी तट्टापेक्षा लवकर खंगतो. प्रत्येक विक्रीत किंमत उतरते आणि नव्या मालकाची खर्च करण्याची ऐपतही बहुधा कमी असते. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांचा प्रश्नही शहरात घोडा पोसण्याच्या परिस्थितीचाच होता. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये करमणुकीसाठीच्या या गाड्या बेकायदेशीर ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करण्यास सांगितले. बंदी आली तेव्हा चालकांच्या पुनर्वसनासोबत घोड्यांच्या पुनर्वसनाचाही प्रश्न उभा राहिला.

रक्तद्रवासाठी वापर : निवृत्त घोड्यांचा आणखी एक उपयोग महाराष्ट्राच्या औषधनिर्मितीशी जोडलेला आहे. सर्पविष किंवा धनुर्वाताचे विष वाढत्या मात्रेत टोचल्यावर घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात आणि त्यांपासून प्रतिविष बनवतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या दंशावरील औषध अजूनही याच पद्धतीने मिळते. पुण्याच्या पूनावाला स्टडमधील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला यासाठी दिले जात. ज्या घोड्यांपासून औषध बनते ते आपलेच आहेत, तर औषधही आपणच बनवावे, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. या कामात घोड्याला धावावे लागत नाही, पण वारंवार टोचणी व रक्त काढणे सोसावे लागते. अतिरेक झाल्यास रक्तक्षय, गळू आणि अशक्तपणा येतो. रक्तद्रव वेगळा काढून तांबड्या पेशी परत शरीरात सोडणे, दोन खेपांमध्ये पुरेसे अंतर ठेवणे आणि काम संपल्यावरच्या सांभाळाची तरतूद करणे या यातील आवश्यक अटी आहेत. प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीच्या कक्षेत ही केंद्रे येतात.

जबलपूर प्रकरण : एप्रिल-मे २०२५ मध्ये हैदराबादहून सत्तावन्न घोडे ऐन उन्हाळ्यात रस्त्याने जबलपूरजवळच्या रायपुरा गावी आणण्यात आले. त्यांत थरोब्रेडही होते. पोहोचल्यानंतर काही दिवसांतच किमान आठ घोडे मरण पावले. ग्लँडर्सच्या शक्यतेमुळे नमुने हिसारला पाठवले गेले आणि प्रकरण मध्य प्रदेश उच्च न्यायालयात पोहोचले. घोडे कोणाच्या मालकीचे, कोणत्या परवानगीने हलवले आणि त्यांच्या जिवाला जबाबदार कोण, हे प्रश्न मृत्यू झाल्यानंतर विचारले गेले.

इतर देश व प्रस्तावित उपाय : १९८६ ची केंटकी डर्बी जिंकलेला फर्डिनंड पैदाशीसाठी जपानला विकला गेला आणि तेथे २००२ मध्ये कत्तलखान्यात संपला, हे पुढच्या वर्षी उघड झाले. त्यानंतर अमेरिकेत निवृत्त घोड्यांसाठीच्या प्रयत्नांना जोर आला; त्यांना सांभाळणाऱ्या संस्थांची तपासणी करून निधी देणारी यंत्रणा २०१२ मध्ये उभी राहिली. ब्रिटनमध्ये निवृत्त घोड्यांना नव्या कामासाठी घडवणारी संस्था २००० पासून आहे. भारतात घोड्याचे मांस खाण्याची रूढी नसल्याने कत्तल हा मुख्य प्रश्न नाही. येथे घोडा मालक बदलत, उपेक्षेने संपतो. म्हणून येथील उपायांत ओळखपत्राला पहिले स्थान मिळते. जन्मावेळी बसवलेली मायक्रोचिप मरणापर्यंत वाचली जावी, प्रत्येक विक्रीची नोंद स्टड बुककडे व्हावी, बक्षिसाच्या रकमेतून आणि मालकाच्या नोंदणी शुल्कातून निवृत्ती निधी बाजूला काढावा, शर्यतीतून घोडा काढताना त्याच्या पुढच्या ठिकाणाचा दाखला मागावा, असे उपाय सुचवले जातात. वंशाच्या शुद्धतेसाठी पुण्यात असलेली नोंदयंत्रणा घोड्याच्या उर्वरित आयुष्यासाठी वापरायची झाल्यास नवे तंत्रज्ञान लागणार नाही. विक्री कळवण्याचे बंधन आणि ते पाळून घेणारा अधिकारी लागेल.