दरडावणारा न्याय: दूरचित्रवाणीवरील न्यायालयांचा इतिहास

१/
१९८९ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्राने अमेरिकेत एक जनमत चाचणी घेतली. देशाचे सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांचे नाव अवघ्या ९ टक्के लोकांना सांगता आले. जोसेफ वॉप्नर हे कोण, हे मात्र ५४ टक्के लोकांना ठाऊक होते. वॉप्नर त्या वेळी कोणत्याही सरकारी न्यायालयात न्यायाधीश नव्हते. ते दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात निवाडे देत असत.

२/
पुढच्या पिढीत वॉप्नर यांची जागा 'जज ज्युडी'ने घेतली आणि सौम्य निवाड्याची जागा दरडावणीने. पक्षकाराला मध्येच तोडणे, खोटारडा ठरवणे, भर सभेत त्याची शोभा करणे, हेच कार्यक्रमाचे आकर्षण ठरले. कोट्यवधी लोकांना न्यायासनावरची ही कठोरता इतकी प्रिय का वाटली? तिची किंमत कुणी मोजली? उत्तर शोधायचे तर कहाणी रेडिओच्या काळापासून सुरू करावी लागते.

३/
१९३५. न्यूयॉर्कच्या 'डब्ल्यूएमसीए' केंद्रावर 'गुडविल कोर्ट' हा कार्यक्रम सुरू झाला. सूत्रसंचालक होते ए. एल. अलेक्झांडर. महामंदीने पिचलेली सामान्य माणसे नाव न सांगता आपली गाऱ्हाणी ध्वनिक्षेपकासमोर मांडत: थकलेले कर्ज, मोडलेला संसार, अडकलेले वेतन. त्यांना सल्ला देत ते खरेखुरे, पदावर असलेले न्यायाधीश. वकिलाची फी ज्यांना परवडत नव्हती, त्यांच्यासाठी हा मोठाच आधार होता.

४/
१९३६ च्या सप्टेंबरात हा कार्यक्रम 'एनबीसी'मार्फत देशभर ऐकू येऊ लागला. एक कॉफी कंपनी त्याची प्रायोजक होती. वकीलवर्गात मात्र अस्वस्थता पसरली. न्यायाधीशाने कॉफीच्या जाहिरातीला जोडून सल्ला द्यावा का? अखेर न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने वकील व न्यायाधीशांच्या अशा सहभागास मनाई केली आणि डिसेंबरात 'गुडविल कोर्ट' बंद पडले. खरे न्यायासन आणि करमणूक यांच्यामध्ये तेव्हा एक रेघ आखली गेली.

५/
दूरचित्रवाणीने त्या रेघेला वळसा घातला. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमधून 'डिव्होर्स कोर्ट' सुरू झाले. त्यात पक्षकारांच्या भूमिका अभिनेते करत. 'ट्रॅफिक कोर्ट' आणि 'डे इन कोर्ट' या मालिकांत एडगर अ‍ॅलन जोन्स हे कायद्याचे प्राध्यापक न्यायाधीशाच्या आसनावर बसत. प्रसंग नाट्यरूप असत. पाहणाऱ्यालाही ते माहीत असे. येथे न्यायालय हे रंगभूमीचे नेपथ्य होते, त्याहून अधिक काही नाही.

६/
खरी कलाटणी १९८१ मध्ये मिळाली. राल्फ एडवर्ड्स आणि स्टू बिलेट या निर्मात्यांनी 'द पीपल्स कोर्ट' पडद्यावर आणले. त्यांचे संशोधक लॉस एंजेलिस परिसरातील लघुवाद न्यायालयांत दाखल झालेले खरे दावे चाळत आणि दोन्ही पक्षांना गाठून विचारत: खटला मागे घ्या, वाद आमच्या मंचावर मांडा आणि येथे होईल तो निवाडा मान्य करा. कायद्याच्या भाषेत हे न्यायालय नव्हतेच. तो लवाद होता.

७/
हा भेद बारीक असला तरी सगळा खेळ त्यावरच उभा आहे. न्यायालयाचा अधिकार राज्यसत्तेतून येतो. लवादाचा अधिकार दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीतून. न्यायालयात हरलेल्याला स्वतःच्या खिशातून पैसे द्यावे लागतात. 'द पीपल्स कोर्ट'मध्ये निवाड्याची रक्कम कार्यक्रमाच्या निधीतून दिली जाई. म्हणजे झगा खरा, वाद खरा, राग खरा. पण हरणाऱ्याच्या खिशाला झळ नाही. ज्याने पैसे बुडवले, त्याच्याऐवजी निर्माताच ते फेडत होता.

८/
न्यायासनावर होते जोसेफ वॉप्नर. दुसऱ्या महायुद्धात फिलिपाइन्समध्ये लढताना ते जखमी झाले होते. पुढे त्यांनी सुमारे २० वर्षे लॉस एंजेलिसमध्ये न्यायाधीश म्हणून काम केले आणि १९७९ मध्ये निवृत्ती घेतली. कधी चिडले तरी त्यांचा पिंड शांतपणे ऐकून घेणाऱ्याचा होता. धुलाईत बिघडलेला कपडा, शेजाऱ्याचे कुत्रे, परत न मिळालेली अनामत रक्कम असले क्षुल्लक वादही ते गांभीर्याने हाताळत. १९८८ च्या 'रेन मॅन' चित्रपटातील रेमंड वॉप्नरची वेळ चुकली की कासावीस होतो. कार्यक्रम किती घराघरांत पोचला होता, याची ती खूण आहे.

९/
वॉप्नर यांचे पर्व १९९३ मध्ये संपले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कौटुंबिक न्यायालयातील एका न्यायाधीश बाईंवर 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने लेख छापला आणि पाठोपाठ 'सिक्स्टी मिनिट्स'ने वृत्तांत दाखवला. त्या होत्या ज्युडिथ शाइंडलिन. १९७२ पासून याच न्यायालयात सरकारी वकील, १९८२ मध्ये महापौर एड कॉच यांनी नेमलेल्या न्यायाधीश, पुढे मॅनहॅटन विभागाच्या पर्यवेक्षी न्यायाधीश. झटपट निकाल आणि जिभेची धार यांसाठी त्या प्रसिद्ध होत्या.

१०/
काळही त्यांना अनुकूल होता. १९९५ मध्ये ओ. जे. सिम्पसन खटल्याचे थेट प्रक्षेपण जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत चालले. वकिलांचे डावपेच, न संपणाऱ्या उलटतपासण्या आणि न्यायाधीश लान्स इटो यांच्या हातून सुटत चाललेली सूत्रे देशाने महिनोन्‌महिने पाहिली. खऱ्या न्यायाची संथ, गुंतागुंतीची चाल पाहून थकलेल्या प्रेक्षकांसमोर सप्टेंबर १९९६ मध्ये 'जज ज्युडी' आली. येथे वकील नव्हते, तहकुबी नव्हती आणि अर्ध्या तासाच्या आत सोक्षमोक्ष लागत असे.

११/
आकर्षणाचे मर्म इथेच आहे. रोजच्या आयुष्यात पैसे बुडवणारा मित्र, अनामत गिळणारा घरमालक, खोटे बोलून नामानिराळा राहणारा नातलग यांना कुणीच जाब विचारत नाही. पडद्यावर मात्र एक करारी बाई नेमका तो जाब विचारते, पळवाट बुजवते आणि निकाल देते. प्रेक्षकाला दोषी कोण हे शाइंडलिन यांच्याआधीच कळलेले असते. त्यांच्या फटकाऱ्यातून त्याच्या मनातल्या निवाड्यावर जणू शिक्कामोर्तब होते. कठोरता खपत होती, कारण तिच्या पोटात निश्चिती होती.

१२/
ही निश्चिती बेतून घडवलेली होती. शेकडो दाव्यांतून रंगतदार तेवढे निवडले जात. दाव्याची कमाल रक्कम ५,००० डॉलर. दालनात बसलेले प्रेक्षक मानधन घेऊन आलेले. चित्रित झालेला वाद कापून-जुळवून प्रक्षेपित होई. निवाड्याची रक्कम येथेही निर्मातेच देत. त्यामुळे पक्षकाराच्या दृष्टीने सौदा सरळ होता: देणे दुसऱ्याने फेडायचे, बदल्यात स्वतःचा पाणउतारा साऱ्या देशाला पाहू द्यायचा. अपमान हीच तेथील खरी शिक्षा होती आणि तोच विक्रीचा मालही होता.

१३/
माल भरपूर खपला. २००९-१० च्या हंगामात या कार्यक्रमाने ओप्रा विन्फ्रे यांच्या कार्यक्रमालाही मागे टाकले. शाइंडलिन यांचे वार्षिक मानधन ४ कोटी ७० लाख डॉलरांवर गेले. देशाच्या सरन्यायाधीशांचे वेतन त्या काळात ३ लाख डॉलरांच्याही आत होते. एकच नेपथ्य, पटकथाकार नाहीत, नट नाहीत, एका दिवसात अनेक वादांचे चित्रीकरण. इतक्या कमी खर्चात इतका नफा देणारे प्रकार दूरचित्रवाणीत थोडेच.

१४/
मग नकला सुरू झाल्या. १९९७ मध्ये 'द पीपल्स कोर्ट' पुन्हा अवतरले आणि न्यायासनावर बसले एड कॉच, म्हणजे शाइंडलिन यांना न्यायाधीश नेमणारे तेच माजी महापौर. त्यांच्यानंतर ती खुर्ची मिळाली जेरी शाइंडलिन यांना, म्हणजे ज्युडी यांच्या पतीला. टायसनने होलिफिल्डचा कान चावला त्या लढतीचे पंच मिल्स लेन यांनाही १९९८ मध्ये स्वतःचे 'न्यायालय' मिळाले. ते नेव्हाडात खरे न्यायाधीश होते, पण देशाने त्यांना ओळखले ते मुष्टियुद्धाच्या रिंगणामुळे.

१५/
या लाटेवर सर्वांत बोचरी टीका केली ती वॉप्नर यांनीच. न्यायाधीशाने पक्षकाराचा अवमान करणे त्यांना न्यायासनाची अप्रतिष्ठा वाटे आणि शाइंडलिन यांच्याविषयी त्यांनी ते जाहीरपणे बोलून दाखवले. टीकेला व्यावसायिक असूयेचा रंग असेलही. तरी मुद्दा उरतोच: ज्याच्या हाती निकाल आहे, त्याच्यासमोर उभा असलेला माणूस उलट बोलू शकत नाही. अशा माणसाला टोमणा मारण्यात शौर्य कोणते?

१६/
या 'न्यायालया'ची हद्द एकदा खऱ्या न्यायालयाने दाखवून दिली. एका जोडप्याने मालमत्तेचा वाद शाइंडलिन यांच्यापुढे नेला. त्यांनी तो निकाली काढलाच, शिवाय मुलांचा ताबा आणि भेटीचे हक्क यांवरही निर्णय दिला. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या कौटुंबिक न्यायालयाने तो भाग रद्द ठरवला. कारण साधे होते: पक्षांनी जेवढ्या वादाला संमती दिली, तेवढाच लवादाचा अधिकार. कॅमेऱ्यासमोरचा दरारा कितीही मोठा असला, तरी त्यामागे राज्यसत्ता नव्हती.

१७/
प्रेक्षकांच्या मनात मात्र ही हद्द पुसट होत गेली. अशा कार्यक्रमांच्या नियमित प्रेक्षकांवर कायद्याच्या अभ्यासक किम्बर्लीअ‍ॅन पॉडलास यांनी संशोधन केले. न्यायाधीशाने सतत प्रश्न विचारावेत, मत उघड दाखवावे, तो गप्प राहिला तर त्या शांततेतही काही अर्थ असतो, अशी त्यांची अपेक्षा असल्याचे आढळले. हेच प्रेक्षक उद्या ज्यूरीत बसणार होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तर सुमारे १० टक्के महाविद्यालयीन पदवीधरांना शाइंडलिन या सर्वोच्च न्यायालयात आहेत असे वाटत असल्याचे दिसले.

१८/
भारतात हा साचा २००८ च्या अखेरीस आला. 'स्टार प्लस'वरील 'आप की कचहरी'त कौटुंबिक व आर्थिक वाद सोडवत होत्या किरण बेदी. त्या न्यायाधीश नव्हत्या, माजी पोलीस अधिकारी होत्या. अमेरिकेत या आसनावर बहुधा माजी न्यायाधीश असत. येथे दराऱ्याची ख्याती पुरेशी ठरली. लोकांना हवा असलेला 'न्याय' कायद्याच्या ज्ञानापेक्षा खमक्या व्यक्तिमत्त्वाशी जोडला गेला होता, हे यातून स्पष्ट दिसते.

१९/
मराठी रंगभूमीने या खेळातील धोका फार आधी ओळखला होता. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये 'रंगायन'ने रंगमंचावर आणले. हौशी नटमंडळी वेळ घालवण्यासाठी लुटुपुटीचा खटला उभा करतात, लीला बेणारेला आरोपी करतात आणि बघता बघता तिच्या खऱ्या आयुष्याची चिरफाड करतात. काशीकरांचे न्यायासन खोटे, तिची मानहानी खरी. खेळ संपल्यावर मंडळी काहीच घडले नसल्यासारखी पुढच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात.

२०/
लोकांना केवळ कठोरताच आवडते असे नाही. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरातील फ्रँक कॅप्रिओ हे तर पदावर असलेले खरे न्यायाधीश. वाहतूक दंडाचे खटले चालवताना ते आरोपीची अडचण विचारत आणि अनेकदा दंड माफ करत. त्यांच्या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. दरडावणी असो की दया, प्रेक्षकाला एकच गोष्ट हवी असते: समोरच्याने आपल्याकडे माणूस म्हणून पाहावे आणि आजच निर्णय द्यावा. खऱ्या न्यायालयांत नेमकी हीच गोष्ट दुर्मीळ झाली आहे.

२१/
आज कॅमेरा थेट खऱ्या दालनात पोचला आहे. २०१८ च्या स्वप्नील त्रिपाठी खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने थेट प्रक्षेपणाचे तत्त्व मान्य केले आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांच्या सुनावण्या प्रक्षेपित होऊ लागल्या. नागरिकाला न्यायालय पाहता येणे ही लोकशाहीची मोठी मिळकत आहे. पण तासन्‌तासांच्या युक्तिवादातून समाजमाध्यमांवर फिरतो तो बहुधा न्यायाधीशाने कुणाला झापल्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा.

२२/
तरीही एक मूलभूत फरक आहे. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयातील एका न्यायाधीशांच्या सुनावणीतील शेऱ्यांच्या चित्रफिती पसरल्या. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, न्यायाधीशांनी खेद व्यक्त केला आणि प्रकरण मिटले. प्रक्षेपण बंद करणे हा यावरचा उपाय नव्हे, हेही न्यायालयाने बजावले. खऱ्या न्यायाधीशाच्या शब्दाला वरचे न्यायालय असते, नोंद असते, कारणे द्यावी लागतात, अपील होते.

२३/
मंचावरील न्यायाधीशाला यातले काहीच नसते. त्याला फक्त प्रेक्षकसंख्येला उत्तर द्यावे लागते. १९३६ च्या न्यूयॉर्कमधील न्यायालयाची धास्ती बहुधा हीच होती. संथपणा, तहकुबी, पुराव्याचे नियम, दोन्ही बाजू पुरत्या ऐकून घेणे या गोष्टी पडद्यावर कंटाळवाण्या दिसतात. पण ज्या दिवशी एखादा माणूस स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, त्या दिवशी त्याला पहिल्याच वाक्यावर तोडणारा न्यायाधीश नको असतो. त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकणारा हवा असतो.