प्राध्यापक पाहिजेत

शाळेच्या आठवणी सगळेच लिहितील, म्हणून मी इतिहासाचा एक तुकडा लिहिते. इतिहासाच्या बाईंनी सांभाळून घ्यावं. माझ्या सनावळ्यांची त्यांना चांगली कल्पना आहे.

१९४३ साली माटुंग्याच्या व्हीजेटीआयच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात एक प्राध्यापक आले, तेही विभागप्रमुख म्हणून: पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. १९३७ मध्ये लिव्हरपूलहून पीएच.डी. केलेले आणि बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत शिकवत असलेले. पुढे मुंबई आयआयटीच्या उभारणीत ते नियोजन अधिकारी होते आणि १९५९ मध्ये कानपूर आयआयटीचे पहिले संचालक झाले. आता माणसं शोधायची पाळी त्यांची होती.

कानपूरला तेव्हा दाखवण्यासारखं काही नव्हतं. पहिले वर्ग दुसऱ्या संस्थेच्या कँटीनच्या इमारतीत भरले. अशा ठिकाणी कोण येणार? केळकरांनी परदेशात शिकलेल्या भारतीय तरुणांना बोलावलं. एच. के. केशवन विद्युत विभागाचे पहिले प्रमुख झाले, संगणक केंद्रही त्यांच्याकडेच. १९६३ मध्ये व्ही. राजारामन आले. त्याच वर्षी आयबीएम १६२० हे यंत्र आलं. अमेरिकेतल्या ९ विद्यापीठांचं सहकार्य होतं म्हणून यंत्र मिळालं, हे खरं. पण नुसतं यंत्र मिळून काय होतं? ते विद्यार्थ्यांच्या हाती देणारे शिक्षक आधी हवे होते. १९६५ मध्ये तिथे एम.टेक.ला संगणकशास्त्र सुरू झालं, विद्युत विभागातच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं माहेर ते विजेचं घर, हे आमच्या कंपनीतल्या मुलांना सांगितलं तर त्यांना गंमत वाटते.

राजारामन यांचं पुस्तक मी इंजिनिअरिंगला असताना जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलं होतं. त्याचाच आधार होता. कारण आमच्या कॉलेजात एका विषयाला जवळजवळ सत्रभर शिकवणारं कोणी नव्हतं. आम्ही जेसल पार्कच्या खाडीकाठी बसून एकमेकींना समजावायचो आणि दोघींनाही चुकीचंच समजायचं. मी काठावर पास झाले.

आणि आता खरं सांगते. दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजने मला तासिका तत्त्वावर शिकवायला बोलावलं. कायम पद रिकामं, भरती होईपर्यंत बाहेरच्यांवर भिस्त. मानधनाचा आकडा ऐकला, भाईंदरहून लोकलचा प्रवास आठवला आणि मी नाही म्हटलं. फोन ठेवताना पलीकडच्या बाई एवढंच म्हणाल्या, "मुलं वाट बघतायत हो." केळकर मी त्यानंतर वाचायला घेतले.

कायम पद अजून भरलेलं नाही. या जूनमध्ये मी स्वतःहून त्या बाईंना फोन केला. शनिवारचे दोन तास मिळाले आहेत. ते जुनं पुस्तक माळ्यावरून काढलंय; पहिली चार पानं वाळवीने खाल्ली आहेत, बाकीचं वाचता येतं. आपल्या बॅचमधलं कोणी विद्युत शाखेचं असेल तर मला कळवा, तिथे अजून एक विषय रिकामा आहे.